धंद्याचं नाव आणि वेबसाइटचा पत्ता: गोव्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

"कुठची शांतादुर्गा?" आमच्या धंद्याबद्दल कुरिअरवाल्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी आणि माझी जाऊ, दोघींनी फोंडा तालुक्यातल्या घरून कोकमाचं आगळ आणि सोलं, आंब्याचं साट, खारातली मिरची असा माल विकायला काढला तेव्हा नावाचा विचार पाच मिनिटंसुद्धा केला नव्हता. कुलदेवी शांतादुर्गा, तेव्हा धंदाही तिच्याच नावाचा. दोन हजार लेबलं छापून आली. मग कळलं की देवीचं देऊळ आहे त्या कवळ्याच्या आसपास याच नावाची दुकानं, कॅन्टिनं, टेम्पो आणि वेल्डिंगची वर्कशॉपं मोजायला बसलं तर दिवस मावळेल. आमचं पार्सल दुसरीकडे, दुसऱ्याच्या तक्रारी आमच्या फोनवर, असं सहा महिने चाललं.

शेवटी नाव बदललं. त्यातही दोनदा आपटलो, तेही पुढे सांगते. आमचं आजचं नाव इथे देत नाही, उगाच जाहिरात व्हायची. उदाहरणं देईन ती आम्ही टाकून दिलेल्या नावांची.

बसण्याआधी एवढं जवळ ठेवा:

- एक वही आणि दोन-तीन रिकाम्या संध्याकाळी
- फक्त धंद्यासाठी काढलेला नवा ईमेल, आणि त्याचा पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असलेला
- पॅन, आधार आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल
- धंद्याच्या जागेचा पुरावा: वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, भाड्याची जागा असेल तर करार आणि मालकाची ना-हरकत
- स्वतःच्या नावाचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड, नाहीतर यूपीआय

## १. आधी वही, मग गूगल

पहिल्याच संध्याकाळी गूगल उघडलं की जे दिसतं त्याचीच नक्कल डोक्यात फिरत राहते. म्हणून आधी वहीत तीसेक नावं लिहा. वाईट नावंसुद्धा लिहा, त्यांच्यातूनच कधीकधी बरं निघतं.

लिहून झाली की त्यांची जात ओळखा. काही नावं नुसतं वर्णन करतात: "फोंडा काजू सेंटर". ग्राहकाला कळतं काय मिळतं, पण असं नाव तुमच्या एकट्याचं कधीच होत नाही, आणि उद्या काजूसोबत कोकम ठेवलंत की तेच नाव अंगाला आखूड होतं. काही नावं देवाची: मंगेश, म्हाळसा, दामोदर, बोडगेश्वर, सप्तकोटेश्वर. श्रद्धा आपल्या जागी, पण आमचं काय झालं ते वर वाचलंतच. काही आडनावाची. आणि काही नावं मालाकडे लांबून बोट दाखवतात: "माटोळी", "पुरुमेंत" (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेला साठा), "राजांगण" (जुन्या घरातलं आतलं अंगण). माटोळी म्हटलं की चवथीला गणपतीवर टांगलेली रानफळं डोळ्यांसमोर येतात, पण तो शब्द लोणचं किंवा आगळ यांचं वर्णन करत नाही. लक्षात राहणं आणि पुढे कायद्याने राखता येणं, दोन्हीला ही जात सगळ्यात बरी.

"गोवा" हा शब्द नावात घालायचा मोह प्रत्येकाला होतो. माझं स्पष्ट मत: घालू नका. पर्यटकाच्या फोनमध्ये "गोवा"ने सुरू होणारे वीस नंबर असतात, त्यात तुमचा एकविसावा.

## २. कंडक्टरची परीक्षा

पणजीच्या बसस्टँडवर खाजगी बसचा कंडक्टर "म्हापसा-म्हापसा-म्हापसा" असं ज्या दमात ओरडतो, तसं तुमचं नाव तीनदा ओरडून बघा. जीभ अडखळली तर नाव खोडा. ही कसोटी माझ्या नवऱ्याने गमतीत काढली होती. वहीतली निम्मी नावं तिनेच गेली.

मग फोन. गोव्याबाहेरच्या एका नातेवाइकाला फोन लावून नाव एकदाच सांगा. एकदाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारा, काल काय नाव सांगितलं होतं? आम्ही ठाण्याच्या आत्येला विचारत होतो. तिच्या लक्षात राहिलं ते नाव पुढच्या फेरीत, "काहीतरी फळाचं होतं बघ" असं म्हणाली ते बाद.

अर्थही तपासा, आणि एकाच भाषेत नको. आपल्याकडे गिऱ्हाईक मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी असं कुठूनही येतं. "सोल" हे नाव आम्हाला फार आवडलं होतं. आपल्याला त्यात कोकमाचं सोल दिसतं, पोर्तुगीज येणाऱ्या शेजारच्या आजोबांना त्यात सूर्य दिसला, आणि दिल्लीच्या पाहुण्याने विचारलं, "चपलांचं दुकान आहे का?" "आगळ"चंही तसंच. फोंड्यात तो कोकमाचा खारवलेला रस, जुन्या मराठीत दाराचा अडसर.

## ३. रोमी स्पेलिंग: इथेच सगळे फसतात

वेबसाइटचा पत्ता लोक बहुतेक वेळा रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि गोव्यात रोमी अक्षरांचं त्रांगडं काही वेगळंच आहे. म्हापसा लिहायचं एम-ए-पी-यू-एस-ए, डिचोली लिहायची बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम, केपे लिहायचं क्यूने सुरू करून. आपण या पोर्तुगीज वळणाला इतके सरावलोय की त्यात विचित्र काही वाटतच नाही. बाहेरच्या माणसाला मात्र ते कोडं असतं.

आमचा दुसरा घोटाळा हाच. नावात "श" होता. गोव्यातल्या रोमी कोंकणीत "श"साठी एक्स लिहितात, म्हणून आम्हीही ऐटीत एक्स घातला. दिसायला झकास, गोव्याची ओळख वगैरे. पुण्याच्या बाई मात्र फोनवर म्हणाल्या, "तुमचं ते 'क्स' वालं दुकान सापडतच नाहीये हो." महिनाभर आम्ही प्रत्येकाला "एक्स फॉर एक्स-रे" सांगत बसलो आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं.

म्हणून ही परीक्षा करा. नाव तोंडाने सांगा आणि सात जणांना आपापल्या फोनवर टाइप करायला लावा. मदत करू नका, चेहरासुद्धा हलवू नका. "माटोळी"चे आमच्याकडे पाच प्रकार आले:

- एम-ए-टी-ओ-एल-आय
- एम-ए-ए-टी-ओ-एल-आय
- एम-ए-टी-टी-ओ-एल-आय
- एम-ए-टी-ओ-एल-वाय
- एम-ए-टी-ओ-एल-ई-ई

सातांपैकी पाच जणांनी एकच स्पेलिंग केलं तर नाव ठेवा. चौघांनी केलं तर दुसरी स्पेलिंगंही विकत घ्यायची तयारी ठेवा. त्याहून कमी असतील तर नाव कितीही गोड असो, सोडा. माटोळी आम्ही अशीच सोडली, जाऊ अजून हळहळते.

कुठे अडतं ते आता पाठ झालंय. "ळ"ला रोमीत स्वतंत्र अक्षर नाही. दीर्घ "आ" कोणी एका ए-ने लिहितं, कोणी दोन. "श्री"चे दोन प्रकार सगळीकडे फिरतात. "ठ" आणि "थ", "ड" आणि "द" एकाच अक्षराने लिहिले जातात. आडनावंही सुटत नाहीत: नाईक कोणी के-ने संपवतं, कोणी क्यू-यू-ई-ने, कामतला शेवटी एच लावणारेही आहेत. दोन शब्द जोडणार असाल तर सांधा बघा. "रस सागर" जोडून लिहिलं की मध्ये दोन एस येतात आणि निम्मे लोक एकच टाइप करतात.

पत्त्यात आडवी रेघ आणि आकडे नकोत. नियमाने चालतात, पण फोनवर "मध्ये छोटी आडवी रेघ, खाली नाही हां, मध्ये" हे दिवसातून दहा वेळा सांगून बघा. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पत्त्यात पडत नाही, त्याची चिंता करू नका. लांबीची मर्यादा ६३ अक्षरांची आहे; तुमचं नाव पंधराच्या आत बसलं तर बरं.

## ४. दुसऱ्या कुणाचं तर नाही ना?

आता गूगल उघडा. तीन-चार नावं उरली असतील, त्यांची प्रत्येकी चार ठिकाणी चौकशी करा.

पहिलं, साधा शोध आणि नकाशा, सगळी स्पेलिंगं टाकून. दुसरं, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब. तिसरं, ट्रेडमार्क (मालाच्या नावाची कायदेशीर नोंदणी) कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध. तो फुकट आहे. तिथे शब्दाने शोधता येतं तसं उच्चाराच्या साम्यानेही शोधता येतं. लोक शब्दाने शोधतात आणि उच्चाराने शोधायचं विसरतात, आणि हरकत नेमकी उच्चारावरून येते. चौथं, कंपनी काढणार असाल किंवा नसाल तरी, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव तपासा.

ट्रेडमार्कचा शोध वर्गाप्रमाणे चालतो. एकूण वर्ग ४५. लोणची, सुकवलेली फळं, भाजलेले काजू २९ मध्ये. मसाले, चहा-कॉफी, बेकरी ३० मध्ये. सरबतं ३२ मध्ये. फेणी ३३ मध्ये. खानावळ आणि पाहुण्यांच्या खोल्या ४३ मध्ये. तुमच्या वर्गात नाव मोकळं दिसलं तरी शेजारचे वर्ग बघा. कोकम सरबतवाल्याने २९ आणि ३२ दोन्ही चाळावेत.

एखादं नाव पत्ता म्हणून मोकळं आहे, पण त्या नावाचा धंदा दुसऱ्या कुणाचा चालू आहे, असंही दिसेल. "पत्ता तर मला मिळतोय" म्हणून घेऊन टाकू नका. २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वेबसाइटच्या पत्त्यालाही व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळतं. दुसऱ्याच्या नावलौकिकावर बेतलेला पत्ता हातातून जाऊ शकतो.

## ५. मुळातच चालत नाहीत अशी नावं

मराठी माणसाला शिवरायांच्या नावाने धंदा काढावासा वाटतो. पण बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ती वापरता येत नाहीत.

गोव्यातला दुसरा सापळा भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे एखाद्या भागाच्या खास मालाच्या नावाला मिळणाऱ्या संरक्षणाचा. फेणीला ते २००९ साली मिळालं. त्यानंतर खोल्याची मिरची, हरमलची मिरची, खाजें, मयड्याची केळी, मानकुराद आंबा, बेबिंका, आगशीची वांगी, गोव्याचा काजू अशी यादी वाढत गेली. ही नावं एका माणसाची होत नाहीत. आणि माल जर त्या भागातला नसेल तर असं नाव लावणं म्हणजे सरळ आगीशी खेळ. बाहेरून आलेला काजू भाजून "गोव्याचा काजू" म्हणून विकू पाहणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. लेबलावर माल कुठला ते खरं लिहा, नाव मात्र वेगळं घ्या.

देवाधर्माच्या नावांबद्दल एवढंच: २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने "रामायण" हे नाव मालासाठी एकट्याच्या मालकीचं करायला नकार दिला होता. तेव्हा देवाचं नाव वापरलंत तरी शेजाऱ्याला थांबवता येईल अशी आशा ठेवू नका.

## ६. पत्ता विकत घेणं

नाव पक्कं झालं त्याच दिवशी पत्ता घ्या. गावभर सांगून मग नको.

डॉट इन की डॉट कॉम? दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. एकच घ्यायचा तर, गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन पुरेसं आहे. त्याचा कारभार निक्सी ही आपल्याकडची संस्था बघते आणि वाद झाला तर त्यासाठी वेगळी लवाद पद्धत आहे. डॉट कॉम दुसऱ्याकडे असेल तर मात्र आधी ती साइट उघडून बघा. तिथे तुमच्यासारखाच माल विकला जात असेल तर तुमची गिऱ्हाइकं रोज चुकून तिकडे जातील, नाव बदला. शॉप, स्टोअर असली शेपटं पहिल्या वर्षी स्वस्तात मिळतात, पण ग्राहक सवयीने डॉट कॉमच टाइप करतो.

आता आमचा तिसरा घोटाळा, सगळ्यात महाग पडलेला. वेबसाइट करून देणाऱ्या मुलालाच आम्ही सांगितलं, "पत्ता पण तूच घे रे." त्याने घेतला, त्याच्या ईमेलवर, त्याच्या खात्यात, त्याच्या नावाने. मुलगा सज्जन. वर्षभराने तो दुबईला गेला, नंबर बदलला, जुना ईमेल उघडेनासा झाला. नूतनीकरणाच्या सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या असणार. आम्हाला कळलं ते साइट बंद पडल्यावर, ऐन आगळाच्या हंगामात. पैसे द्यायला आम्ही तयार होतो, पण नोंदीत मालक आम्ही नव्हतोच, तर घेणार कोण? शेवटी दुसरा पत्ता घेतला आणि लेबलं तिसऱ्यांदा छापली.

म्हणून:

- खातं तुमच्या ईमेलवर, नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव, पैसे तुमच्या कार्डावरून. साइट करणाऱ्याला हवं तर वेगळा प्रवेश द्या, मालकी देऊ नका.
- घेतल्यावर ईमेल पडताळणीचा संदेश येतो. डॉट कॉमच्या बाबतीत १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर पत्ता बंद पडतो. स्पॅमचा कप्पाही बघा.
- पहिल्या वर्षाचा दर आणि नंतरचा दर वेगळा असतो. विकणारे पहिला मोठ्या अक्षरात लिहितात. तुम्ही दुसरा शोधा.
- पत्ता आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी. पत्ता म्हणजे पाटी, होस्टिंग म्हणजे खोली. दोन्ही एकाकडूनच घ्यायची सक्ती नाही, आणि शक्यतो घेऊही नका.
- दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, जास्तीत जास्त १० वर्षांचे भरता येतात. कार्डातून आपोआप जातील यावर विसंबू नका. कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवा.
- मुदत उलटलीच तर घाई करा. डॉट कॉमला सवलतीचे दिवस संपल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो, त्यात पत्ता परत मिळतो पण दंड घसघशीत.

"परदेशातली एक कंपनी तुमच्या नावाचा पत्ता घेतेय, लगेच पैसे भरा" असे ईमेल येतील. पुसून टाका.

त्याच संध्याकाळी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबवर तेच नाव घेऊन ठेवा, वापरा किंवा नका वापरू.

## ७. देवनागरीतला पत्ता

हो, मिळतो. २०१४ पासून डॉट भारत या शेवटासह संपूर्ण देवनागरी पत्ता घेता येतो, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषा आहेत. मला मनापासून आवडतो. पण तेवढ्यावरच राहू नका: देवनागरी पत्त्याचा ईमेल अजून बऱ्याच ठिकाणी स्वीकारत नाहीत, काही ठिकाणी पत्त्याऐवजी एक्स-एनने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात, आणि र्‍हस्व-दीर्घाची चूक झाली की पत्ता चुकतो. रोमी पत्ता मुख्य ठेवा, हा त्याच्याकडे वळवा.

## ८. नाव तुमचं कशाने होतं?

गोव्यात मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा गैरसमज: "पंचायतीचा परवाना मिळाला, म्हणजे नाव माझं झालं." नाही. पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना जागेसाठी असतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी कामगार खात्याकडची. उद्यम नोंदणी फुकट आहे आणि जरूर करा, पण ती उद्योगाचा आकार सांगते. जीएसटीच्या दाखल्यावर व्यापारी नाव येतं, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लेबलावर येतो, घरात पाहुणे ठेवणार असाल तर पर्यटन खात्याची नोंदणी वेगळी. यातलं एकही दुसऱ्याला तुमचं नाव वापरण्यापासून थांबवत नाही. कंपनीची गोष्ट थोडी वेगळी. नाव आरक्षणाच्या अर्जात दोन पर्याय देता येतात, शुल्क १,००० रुपये, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात, आणि तसंच नाव दुसऱ्या कंपनीला देत नाहीत. पण एकट्याच्या दुकानाला तो अडसर नसतो.

थांबवतो तो ट्रेडमार्क. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत जातात, पण ऑनलाइन भरले की मुंबईला जावं लागत नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. अर्जात नाव कधीपासून वापरता ते विचारतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं, लेबलं, कुरिअरच्या पावत्या एका फाइलीत लावा. आम्ही केळ्याच्या खोक्यात टाकल्या होत्या. तारीख असलेलं पहिलं बिल शोधायला आख्खा रविवार गेला, आणि त्यावर कोकमाचा डाग.

तपासणीत हरकत निघाली तर उत्तराला ३० दिवस असतात. तो ईमेल चुकला की अर्ज सोडून दिला असं धरतात. मंजूर झालं की ट्रेडमार्क कार्यालयाच्या नियतकालिकात छापतात आणि इतरांना विरोधासाठी ४ महिने मिळतात. अर्जातला टपालाचा पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यामुळे सरकारी वाटणारी, शिक्के मारलेली, पैसे मागणारी पत्रं येतील. भरण्याआधी मूळ संकेतस्थळावर आपल्या अर्जाची स्थिती बघा.

नावापुढे "टीएम" कोणीही लावू शकतं. गोलातला "आर" नोंदणी झाल्यावरच. आधी लावलंत तर दंड होतो.

## ९. पाटी

पाटी आणि लेबलं सगळ्यात शेवटी. किमान पत्ता हातात आल्यावर आणि ट्रेडमार्कचा अर्ज गेल्यावर. रंगाऱ्याला नाव फोनवर सांगू नका, छापून द्या, देवनागरी आणि रोमी दोन्ही, आणि त्याने आखलेली अक्षरं रंग भरण्याआधी जाऊन बघा. आमच्याकडे पहिल्यांदा "आगळ, सोलं मिळतील" याऐवजी मोठ्या झोकात "आगल, सोलं" रंगवून आलं. ती लांब फळी सासऱ्यांनी फुकट जाऊ दिली नाही. गोठ्याच्या दाराला आतून आडवी लावतात, रोज रात्री.